मासे खाणाऱ्यांनाही थायरॉइड होतो

रोह्याला लागून असलेल्या वरश्यात काय किंवा पेणच्या बाजारपेठेत काय, बाईमाणूस सारखं थकतंय म्हटलं की कारणं तयार असतात: वय झालं, कामाचा ताण आहे, पाळी जायची वेळ आली. पुरुषाच्या बाबतीत तर रात्रपाळीची जागरणं पुढे केली जातात. दरम्यान केस गळत राहतात, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, इतरांना उकडत असताना थंडी वाजते. हे सगळं इतकं सावकाश वाढतं की अंगवळणी पडतं. यातलं कुठलंही एक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनी होऊ शकतं. पण तीन-चार एकत्र आली आणि महिनोन्महिने टिकली, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइडसाठी टीएसएचची रक्ततपासणी करून घ्यावी.

"आम्ही खाडीकाठची माणसं, रोज मासळी खातो, आम्हाला कसला थायरॉइड?" हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. मासळीतून आयोडीन मिळतं, हे खरं. आयोडीन कमी पडल्यामुळे होणारा गलगंड देशात मोठा प्रश्न होता. त्यासाठी १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण मीठ आयोडीनयुक्त झाल्यावर आज मोठ्या माणसांत थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचं नेहमीचं कारण वेगळं आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. मासे खाऊन तो टळत नाही. देशातल्या आठ शहरांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होते. तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांमध्ये थायरॉइड मंद असल्याचं आढळलं.

मिठाचंही तसंच. मिठागरातलं खडेमीठ समुद्राचंच, म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं पेणकडची माणसंही मानतात. समुद्राच्या पाण्यातच आयोडीन अत्यल्प असतं आणि मिठात तर नावापुरतं उरतं. म्हणून ते वरून मिसळावं लागतं. स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरावं. मात्र आजार झाल्यावर जास्त मीठ किंवा आयोडीनच्या गोळ्या घेऊन ग्रंथी सुधारत नाही, उलट बिघडू शकते. कोबी-फ्लॉवर बंद करण्याचीही गरज नाही. शिजवून नेहमीच्या प्रमाणात खावेत.

रिपोर्ट वाचताना मोठा घोटाळा होतो. टीएसएच वाढलेलं दिसलं की "थायरॉइड वाढला" असं म्हणतात. प्रत्यक्षात टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. थायरॉइड कमी काम करू लागली की तिला कामाला लावण्यासाठी ते वाढतं. म्हणजे आकडा वर, तर ग्रंथी मंद. हा आकडा थोडासाच वाढला असेल, दहाच्या आत असेल आणि थायरॉइडचं संप्रेरक टी-४ नॉर्मल असेल, तर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. तेवढ्यावर गोळी लागेलच असं नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो. टीएसएच नॉर्मल आलं तरी थकवा खोटा ठरत नाही. हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ तपासायचं राहिलेलं असतं, आणि मनाची उदासीही विचारात घ्यायची असते. सरकारी रुग्णालयात महालॅबमार्फत अनेक तपासण्या मोफत होतात. त्यात टीएसएच होते का, हे तिथे विचारून घ्यावं.

वजनाचं सगळं खापर थायरॉइडवर फोडू नये. त्यामुळे वाढणारं वजन साधारण काही किलोच असतं, आणि त्यातलं बरंचसं पाणी.

"एकदा गोळी लागली की सुटत नाही" या धास्तीने अनेकजण ती सुरूच करत नाहीत, किंवा बरं वाटलं की बंद करतात. लिव्होथायरॉक्सिन या गोळीची सवय लागत नाही. शरीरात कमी पडलेलं संप्रेरकच ती भरून देते. ग्रंथी कायमची मंदावली असेल तर गोळी कायम लागते. बाळंतपणानंतर मंदावलेली ग्रंथी मात्र कधी कधी पूर्ववत होते. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. ही गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं. नेमकं हेच चुकतं आणि "गोळी लागू पडत नाही" असं वाटतं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात, कारण त्याआधी आकडा स्थिरावत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात बाटली घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावी. शेजारणीचा डोस आपण घेऊ नये. वयस्कर आणि हृदयविकाराच्या रुग्णांना सुरुवात फार कमी डोसनेच करतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे गरोदरपणी गोळी बाळाला बाधते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतं. त्यामुळे गोळी चालू ठेवायची, आणि दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठायचं, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो. काही बाळांची थायरॉइड जन्मतःच काम करत नाही आणि बाळ वरून अगदी छान दिसतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतून थेंबभर रक्त घेऊन हे कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बुद्धीची वाढ सहसा नीट होते. बाळंतीण रोह्यात असो की अलिबागला, ही तपासणी झाली का, हे दवाखान्यातून घरी निघण्याआधी विचारून घ्यावं.