हिल्फेश्टेलुंग : शेजारी उभं राहून केलेली मदत



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका काकूंचा फोन आला. त्यांची मुलगी नर्सिंग झालीय आणि आता जर्मन भाषा शिकतेय. काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी सकाळपासून एकच शब्द घोकतेय. चपात्या लाटताना पण तेच. वर मला विचारते, आई, मदत किती प्रकारची असते गं? मी म्हटलं, मदत ती मदत, त्यात कसले प्रकार? आता तुम्हीच सांगा रेडिओवरून."

आम्हाला कुठलं जर्मन येतंय! म्हणून त्या मुलीलाच केंद्रावर बोलावलं. ती वही घेऊन आली आणि दोन दुपारी आमच्यासोबत बसली. आजच्या गप्पा तिच्या वहीतून आल्या आहेत.

आपल्या पोरी जर्मन का शिकतात, हे आधी सांगायला हवं. जर्मनीत म्हातारी माणसं खूप आणि त्यांना सांभाळणारे हात कमी. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून ही चर्चा गावागावात पोचली. पण नर्स म्हणून तिकडे उभं राहायचं तर भाषा चांगलीच यावी लागते. भाषेच्या सहा पायऱ्या असतात, त्यातली चौथी, बी-टू, साधारण गाठावी लागते. चौथ्या पायरीवर नुसतं 'पाणी हवं का' येऊन भागत नाही. तिथे हे मदतीचे बारीक शब्द येतात.

तर तो शब्द आहे हिल्फेश्टेलुंग. हिल्फे म्हणजे मदत. श्टेलुंग म्हणजे उभं राहण्याची जागा, पवित्रा. दोन्ही जोडून झालं 'मदतीचा पवित्रा'. कोणाला तरी हिल्फेश्टेलुंग 'द्यायची' असते. देणे म्हणजे गेबेन, म्हणून पूर्ण बोल असा : येमांडेम हिल्फेश्टेलुंग गेबेन. येमांडेम म्हणजे 'कोणाला तरी'.

जर्मन माणूस हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला शाळेतला व्यायामाचा तास आठवतो. जर्मनीत कसरतींचं वेड जुनं आहे. फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने १८११ साली बर्लिनमध्ये हाझेनहायडे इथे उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. आडवा दांडा, समांतर दांडे, उडी मारायचा घोडा, अशी साधनं तिथल्या कसरतींत रुजली. अशा साधनावर मूल चढलं की शेजारी दुसरं मूल किंवा शिक्षक उभा असतो. हात पुढे, गुडघे जरा वाकलेले, नजर वर. या उभ्या असलेल्या माणसाचं काम म्हणजे हिल्फेश्टेलुंग. तो कसरत करत नाही. पडत असेल तर धरतो, अडलं तर दंडाला हलका आधार देतो, नाहीतर नुसता उभा राहतो. पहिल्या दिवशी दोघे दोन बाजूंनी धरतात. मग एक जण. मग हात फक्त जवळ असतो, अंगाला लागत नाही.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, "मग हे मल्लखांबाचे सरच की!" अगदी बरोबर. शाळेत मुली दोरीवर चढतात तेव्हा सर खाली हात उघडे ठेवून उभे असतात, तेच. जर्मनीला आपला मल्लखांब अगदीच परका नाही, बरं का. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं होतं.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. मदतीचे प्रकार किती? त्या वहीत आम्हाला निदान चार सापडले आणि गंमत म्हणजे चारांतही हात कुठे आहे यावरून फरक पडतो. कोणाच्या 'हातापाशी जाणं', त्सूर हांट गेएन, म्हणजे काम त्याचं आणि आपण हाताखाली. सुगरणीला कांदा चिरून देणं, गवंड्याला विटा देणं. कोणाला 'हाताला धरणं', आन दी हांट नेमेन, म्हणजे वाट आपल्याला माहीत आणि त्याला नाही. आपण पुढे, तो मागे. आपल्याकडे बोट धरून चालवणं म्हणतात, त्याच्या जवळचं. 'काखेत हात घालणं', उंटर दी आर्मे ग्रायफेन, म्हणजे कोसळणाऱ्याला उचलून धरणं. हा बोल जास्त करून पैशाच्या अडचणीत वापरतात. आणि चौथी आपली हिल्फेश्टेलुंग. तिच्यात हात कामावर नसतो, धरलेला नसतो, उचललेला नसतो. तयार असतो.

मराठीत आपण म्हणतो 'हात दिला'. त्यात हे सगळंच येतं. आमच्या मते ते काही वाईट नाही, आपल्याला संदर्भावरून कळतं. पण परीक्षेत संदर्भ विचारत नाहीत, नेमका शब्द विचारतात.

थोडं व्याकरण. घाबरू नका, इथे आपण मराठी बायका पुढे आहोत. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, तो-ती-ते. इंग्रजी शाळेतल्या पोरांना हे डोक्यावरून जातं, आपल्याला आईच्या दुधातून मिळालंय. लिंग मात्र शब्दागणिक पाठ करावं लागतं. त्यांच्याकडे मुलगीसुद्धा 'ते' असते, आपण 'ते पोरगं' म्हणतो तशी. अवघड आहे ते 'तुला'. आपण म्हणतो, 'मी तुला मदत करते' आणि 'मी तुला हाताला धरते'. दोन्हीकडे तुला. जर्मनमध्ये मदत करताना 'दीर' आणि हाताला धरताना 'दिश'. ज्याला काही द्यायचं तो दीर, ज्याला आपण धरतो, ओढतो, नेतो तो दिश. त्या मुलीने युक्ती काढलीय. 'तुला' म्हणताना ती मनात विचारते, मी हिला काही देतेय की हिलाच उचलतेय? हिल्फेश्टेलुंग नेहमी 'देतात', म्हणून तिथे दीर. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना मात्र दीर नाही, आदराचं 'ईनेन'. तू-तुम्हीचा फरक त्यांच्याकडेही आहे.

"दार्फ इश ईनेन हेल्फेन?" मी तुम्हाला मदत करू का? हे वाक्य ती सारखं म्हणते. आम्ही विचारलं, एवढं काय त्यात? ती म्हणाली, "मावशी, आपण आजीला विचारतो का? सरळ पदर सारखा करतो, घास भरवतो. तिथे आधी विचारायचं." आणि मग तिने जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर आम्ही हा विषय घेतला.

जर्मनीत म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीसाठी विमा आहे, १९९५ पासून. त्याच्या मूळ कायद्यात मदत म्हणजे काय, हे लिहून ठेवलं होतं. आधार देणं, काम थोडं किंवा पूर्ण आपल्या अंगावर घेणं, लक्ष ठेवणं आणि सोबत राहून करायला शिकवणं. या शेवटच्याला आनलायटुंग म्हणतात. आणि उद्देश काय? तर त्या माणसाने ते काम पुन्हा स्वतः करावं. नर्सच्या नोंदवहीत लिहायचं असतं की या आजींना अंघोळीला, कपडे घालायला, जेवायला कोणती मदत लागते. 'हिल्फेश्टेलुंग लागते' लिहिलं तर अर्थ असा, की आजी स्वतः करतात, शेजारी कोणीतरी हवं. तिथे 'पूर्ण करून दिलं' असं लिहून बसलो, तर दुसऱ्या पाळीची नर्स सगळंच करून देईल. आजी आठवड्याभरात हात हलवायच्या थांबतील. एका शब्दाने इतकं होतं.

तिकडे नर्सिंग शिकणाऱ्यांनाही हाच नियम आहे. तीन वर्षांच्या शिक्षणात २५०० तास प्रत्यक्ष काम असतं आणि २०२० पासूनच्या कायद्याप्रमाणे त्यातला निदान दहावा हिस्सा शिकवणारी अनुभवी नर्स सोबत असायलाच हवी. तिला प्राक्सिस-आनलायटरिन म्हणतात. म्हणजे शिकणाऱ्या पोरीच्या शेजारीही कोणीतरी हात उघडे ठेवून उभी.

आपल्या घरातही अर्धांगवायू झालेली माणसं आहेत. म्हणून तिच्याकडून आम्ही करून दाखवायला सांगितलं. तोंड पुसायचं असेल तर ओला कोमट पंचा त्यांच्या हातात द्यायचा आणि थांबायचं. हात उचलेना, तर आपला हात त्यांच्या कोपराखाली. पंचा मात्र त्यांच्याच हातात. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत, चांगला नंतर. काढताना उलटं, चांगला हात आधी, कमजोर शेवटी. खुर्चीतून उठवताना पावलं मागे घ्यायला सांगायची, पुढे वाकायला सांगायचं, मग उठायचं. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, खांद्याला इजा होते. (म्हणजे 'काखेत हात घालणं' हा बोल पैशापुरताच ठेवावा.) यातलं सगळ्यात अवघड काय, तर ते थांबणं. आमच्यातल्या एकीचे सासरे चार वर्षं अंथरुणाला होते. ती म्हणाली, "मी भरवायचे. दोन मिनिटांत व्हायचं. त्यांना खाऊ दिलं असतं तर अर्धा तास गेला असता, आणि शेतावर कोण जाणार?" आम्ही तिला काय उत्तर देणार? जर्मनीत त्या अर्ध्या तासाचा पगार मिळतो.

आणखी एक शब्द वहीच्या शेवटी होता, तो वाचून आम्ही चमकलो. झेल्ब्स्टहिल्फे. झेल्ब्स्ट म्हणजे स्वतः, हिल्फे म्हणजे मदत. स्वयंसहाय्य! आपल्या गटाचंच नाव. हिल्फे त्सूर झेल्ब्स्टहिल्फे, म्हणजे 'स्वतःला मदत करता यावी म्हणून मदत', असा त्यांच्याकडे बोलच आहे आणि तो ज्यांच्या नावाशी जोडतात ते फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. १८४६-४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ते वायरबुश गावाचे प्रमुख होते. गावातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांकडून पैसे गोळा करून त्यांनी पीठ आणलं, भट्टी बांधली, गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे १८५४ साली हेडेसडॉर्फ इथे धर्मादाय मंडळ काढलं. पण देणारे नेहमी तेच आणि घेणारे नेहमी तेच. देणाऱ्यांचा उत्साह ओसरला. तेव्हा १८६४ साली त्यांनी ते मोडून कर्जसंस्था काढली. तिचा नियम असा की, ज्याला कर्ज हवं त्याने सभासद व्हायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांची जबाबदारी घ्यायची. संस्थेचा भाग एका गावापुरता, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यांनी ही पद्धत अभ्यासून अहवाल लिहिला आणि १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला.

रायफायझेन यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. बायकोही आधीच वारली होती. त्यांचं पुस्तक १८६६ साली निघालं, ते थोरली मुलगी अमालिए हिने त्यांच्या सांगण्यावरून लिहून काढलं. तिचं नाव कोणी घेत नाही, म्हणून आम्ही घेतलं.

त्या संस्थांत कारभारी बिनपगारी असत, मोबदला फक्त हिशेब लिहिणाऱ्याला मिळे. हे आम्ही आमच्या गटात वाचून दाखवलं तेव्हा सगळ्याजणी आमच्या सचिव ताईंकडे बघायला लागल्या. आठ वर्षं त्यांनी एकटीने इतिवृत्त लिहिलं, कर्जखतावणी लिहिली, आमच्या पासबुकातले आकडेही त्यांचेच. आम्ही सह्या केल्या. चुका झाल्या नाहीत, म्हणून आम्ही खूश. मागच्या उन्हाळ्यात त्या सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि दोन बैठका वहीत चढल्याच नाहीत. पैसे डब्यात होते, कोणाचे किती ते कोणालाच सांगता येईना. एकीवर उगाच संशय घेतला गेला. ती आजही आमच्याशी पूर्वीसारखं बोलत नाही.

ताई परत आल्यावर दोन महिन्यांचा हिशेब त्यांनी एका रात्रीत लावून दिला असता. तशा त्या बसल्याही होत्या पेन उघडून. मग त्यांनीच पेन एका नव्या मुलीच्या हातात दिलं, दहावी झालेली आहे ती. त्या तिच्या डाव्या बाजूला बसल्या. व्याजाची बेरीज दोनदा चुकली. ताईंचा हात दोनदा वहीकडे गेला आणि परत मांडीवर आला. आम्ही सगळ्या बघत होतो. बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली, घरून फोनवर फोन यायला लागले होते. आता या महिन्यापासून दोघीजणी आळीपाळीने लिहितात, ताई शेजारी असतात.

काकूंच्या मुलीची बी-टूची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बोलण्याच्या परीक्षेत समोर दुसरी परीक्षार्थी बसवतात आणि दोघींनी चर्चा करायची असते. सरावाला तिला समोर कोणीतरी हवं होतं. म्हणून सध्या रोज संध्याकाळी काकू समोर बसतात. त्यांना कळत काहीच नाही. पोरगी अडखळली की त्या तोंड उघडतात आणि मिटतात.

पुढच्या मंगळवारी सकाळी, याच वेळी, हळद शिजवून वाळवताना घ्यायची काळजी. नमस्कार.