मुरुमच्या शिवारातील अन्न

मुरुमच्या बाजारात भोवतालच्या शिवारातून आलेले अन्न मिळते, तसे शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेलेही. जवळचे घ्यावे असे आपण सहज म्हणतो. पण का?

बहुधा वाहतुकीच्या इंधनाचे कारण दिले जाते. ते खरे असले तरी वाटते तितके मोठे नाही. पूअर व नेमेसेक यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच आढळला. अन्न कसे पिकवले, हे अधिक महत्त्वाचे. तेव्हा बोअरचे पाणी उपसून वाढवलेला ऊस केवळ गावचा म्हणून गुणाचा ठरत नाही.

रब्बी ज्वारीची गोष्ट वेगळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले हे पीक काळ्या जमिनीने पावसाळ्यात साठवलेल्या ओलीवर वाढते. ज्वारी 'सी-४' गटातील वनस्पती असल्याने एक किलो शुष्क द्रव्य तयार करायला तिला गव्हापेक्षा कमी पाणी लागते. शिवाय दाणा माणसाला, कडबा जनावराला. बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर कडबा येत नाही! मराठवाड्यात सोयाबीन वाढले, ज्वारी घटली. त्याची झळ गोठ्यालाही बसते.

आता पिठाकडे वळू. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, हे घरोघरी ठाऊक आहे. ज्वारी दळताना अंकुरातील तेल सगळ्या पिठात मिसळते. लायपेज हे विकर त्या तेलाचे विघटन करते, हवेतील ऑक्सिजन त्यात भर घालतो आणि पीठ कडवट होते. अख्खा दाणा मात्र महिनोन्महिने टिकतो. गावच्या गिरणीतून आठवड्यापुरतेच दळण आणण्यामागे असे रसायनशास्त्र आहे.

पालेभाजी तर तोडल्यावरही श्वसन करीत राहते. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. मेथी, पालक यांतील पाणी, साखर व 'क' जीवनसत्त्व झपाट्याने घटते.

हे वर्गात पाहता येईल. भाताच्या पातळ पेजेत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की निळा रंग येतो. 'क' जीवनसत्त्वाने तो नाहीसा होतो. ताज्या आणि दोन दिवसांच्या पालकाचा गाळलेला रस थेंबाथेंबाने घालून किती थेंब लागतात ते मोजावे. दोन्ही जुड्यांचे वजन तोडतानाच सारखे घ्यावे आणि वाटल्यावर पाणी घालून दोन्ही रस सारख्या मापाचे करावेत. नाही तर सुकलेल्या पानांचा दाट रस फसवतो.