जाते गेले, ओवी राहू द्या

"जातंच नाय ऱ्हायलं, तर ववी कशावर म्हनू?" दाभोळच्या एका आजीने आम्हालाच उलट विचारले. प्रश्न खोटा नाही. गिरणी आली आणि जाते परसात पालथे पडले. पण पहिलीच्या पोरांना ताल, क्रम, मोजणी शिकवताना गुरुजी घाम गाळतात, ते सारे या आजीच्या गळ्यात आहे.

विहारातली मुले पाहा. चार वर्षांचे पोरही त्रिसरण म्हणू लागते. तीनच ओळी, दुसऱ्या फेरीला आरंभी 'दुतियम्पि', तिसरीला 'ततियम्पि', बाकी सारे तेच. काय बदलले, काय तेच राहिले, हे कानाला कळते. ओवीची रीतही हीच. पहिली एकाला, दुसरी दुसऱ्याला. चाल तीच, नाव नवे. जयंतीच्या पाळण्यातही पहिला दिवस, दुसरा दिवस असे मोजत जातात आणि दर कडव्याला तेच पालुपद येते.

काही बंधू म्हणतात, ओव्यांत जुने देव, त्या कशाला हव्यात? आपल्या आयाबायांनी याचे उत्तर कधीच दिले आहे. त्यांनी चाल ठेवली, नावे बदलली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी जमवलेल्या लाखावर ओव्यांत बाबासाहेबांच्या ओव्याही आहेत.

घरी करायला खर्च नाही. पोराला समोर बसवा. जाते ओढल्यासारखा हात गोल फिरवा. तुम्ही ओळ म्हणा, पोराने ती उचलावी, दोघी बाया दळताना करीत तसे. पालुपदाचा शेवटचा शब्द गिळा आणि थांबा. पोर तो भरते. एखादे नुसते हसत बसते; दामटू नका, उद्या भरेल. मोबाईलमधले गाणे पोरासाठी असे थांबत नाही.

पुढची ओवी मग पोरानेच जोडावी. त्या आजीच्या ओटीवर पहिली बुद्धांना झाली, दुसरी बाबासाहेबांना, तिसरी रमाईला. तेव्हा आजीने नातीला सांगितले, रमाई वणंदची, तिचे वडील भिकू धोत्रे आपल्याच दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे.

पोर जरा गप्प झाली.

"मग चवथी तिच्या बाबांना," म्हणाली, आणि हात फिरवू लागली.