केळीच्या पानावर

पहाटे साडेपाचला ऑटोक्लेव्ह उघडला की आमच्या वॉर्डात पानगीचा वास सुटतो. मावशींनी आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेली केळीची पानं मधला दांडा काढून, धुऊन-पुसून, कापडात गुंडाळून आत ठेवलेली असतात. वाफेतून निघतात ती मऊ आणि काळपट हिरवी. बेडवर ती अंथरायची आणि त्यावर पेशंटला निजवायचं.

त्या आठवड्यात खाट नंबर 6 वर 22 वर्षांची मुलगी होती. फिट येते म्हणून तिला कार्बामाझेपिन सुरू झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं, अंगावर फोड उठले. घरच्यांना वाटलं कांजिण्या. त्यांनी अंगाखाली कडुलिंबाचा पाला घातला, आणि गोळी चालूच ठेवली. ते चार दिवस मला अजून बोचतात, कारण फोड त्या गोळीचेच होते, आणि या आजारात पहिला उपचार म्हणजे ती गोळी बंद करणं. आमच्याकडे आली तेव्हा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी तिच्या पाठीची कातडी बोटाखाली सरकत होती. अंगाचा दहा टक्क्यांहून कमी भाग असा सुटला तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तिसाच्या वर गेला तर टेन, म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. हिचं चाळीस टक्के गेलं होतं.

तिला ओढायचं नाही, चौघींनी चादरीसकट उचलायचं. चिकटपट्टी कुठेच नाही. सलाइनची सुईसुद्धा बँडेजनेच बांधायची. सुटलेली कातडी ओरबाडायची नाही, खालच्या ओल्या अंगाला तेवढंच पांघरूण असतं. उघडं अंग लगेच गार पडतं, म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. घामाने आमचे गणवेश अंगाला चिकटायचे आणि ती कुडकुडायची. दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब, रात्रीसुद्धा. पापण्या आतून चिकटल्या तर कातडी भरून आली तरी नजर अधू राहू शकते.

साधं गॉज ओल्या जागेला धरतं, काढताना नवी कातडीही घेऊन येतं. पान तुळतुळीत, ते धरत नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर या पानाचा अभ्यास करून तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला होता. मला मात्र ते पटलं पान बदलताना. पहिल्या दिवशी कूस वळवताना ती किंचाळली होती. अकराव्या दिवशी पाठीखालचं पान काढलं तर ते जवळजवळ कोरडं होतं, आणि ती म्हणाली, "सिस्टर, झालं पण?"

डिस्चार्जच्या दिवशी तिच्या आईला बाजूला बसवलं. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन ही फिटचीच औषधं, पण कार्बामाझेपिनच्याच जातीची. तीही हिला आता चालायची नाहीत. कार्डावर डॉक्टरांनी तिन्ही नावं इंग्रजीत लिहिली होती. मी त्याखाली लाल पेनाने मराठीत लिहिली, मोठ्या अक्षरांत. आईने बोट ठेवत वाचायला सुरुवात केली, "का... र्बा... मा..." अडली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिन्ही नावं न अडखळता येईपर्यंत ती उठली नाही.