वयात येणाऱ्या मुलग्यांची अबोल चिंता

आवाज फुटणे, मिसरूड येणे, उंची झपाट्याने वाढणे या मुलगा वयात येत असल्याच्या खुणा घरातील सर्वांच्या परिचयाच्या असतात. त्यांचे कौतुकही होते. मात्र याच काळात अनेक मुलग्यांच्या स्तनाग्रामागे एक लहानशी गाठ हाताला लागते, छातीला किंचित उभार येतो आणि धक्का लागला तरी तेथे दुखते. याविषयी मात्र घरात वा शाळेत कोणीच काही सांगितलेले नसते. त्यामुळे मुलगा मनातून घाबरतो. हा कर्करोग तर नसेल, आपल्या पुरुषत्वात काही उणीव तर नसेल, अशा शंका त्याला छळू लागतात.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘गायनेकोमास्टिया’ म्हणतात. स्त्री आणि स्तन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. नावाने दचकायला होत असले, तरी पौगंडावस्थेतील ही स्थिती बहुतेक वेळा आजार नसते. निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे वेगवेगळे असले, तरी साधारण निम्म्या मुलग्यांत ती कमी-अधिक प्रमाणात आढळते. १३-१४ व्या वर्षी तिचे प्रमाण सर्वाधिक असते.

असे का होते?

स्तनग्रंथीचा मूळ अंश मुलगा आणि मुलगी दोघांच्याही शरीरात जन्मतःच असतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तो वाढतो, तर टेस्टोस्टेरॉनमुळे त्याच्या वाढीला आळा बसतो. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक म्हणून ओळखले जात असले, तरी पुरुषांच्या शरीरातही ते अल्प प्रमाणात तयार होतच असते. वयात येताना या दोहोंचा समतोल काही काळ ढळतो आणि ग्रंथी वाढते. पुढे टेस्टोस्टेरॉनची पातळी स्थिरावली की ती आपोआप ओसरते. बहुतेक मुलांत सहा महिने ते दोन वर्षांत हा उभार नाहीसा होतो. तो एका बाजूला आधी किंवा अधिक दिसणे, यातही काही वावगे नाही.

स्थूल मुलांच्या छातीवर केवळ चरबी साठल्यानेही असाच उभार दिसतो. स्तनाग्राच्या बरोबर मागे रबरासारखी चकती हाताला लागली, तर ती ग्रंथी असते. चरबी असेल तर सर्वत्र सारखाच मऊपणा जाणवतो. स्थूलतेत दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात, कारण चरबीच्या पेशींत काही टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. वजन आटोक्यात आणल्याने चरबी घटते; मात्र जोर-बैठका काढून ग्रंथी वितळत नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

वयात येण्यापूर्वीच उभार दिसल्यास, गाठ कडक किंवा स्तनाग्रापासून बाजूला असल्यास, ती वेगाने वाढत असल्यास, स्तनाग्रातून स्राव येत असल्यास किंवा वृषणात गाठ लागल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी. दोन वर्षांनंतरही उभार कायम राहिल्यासही सल्ला घ्यावा. या वयात स्तनांचा कर्करोग अतिशय दुर्मिळ आहे. मात्र क्वचित यकृत, थायरॉइड किंवा वृषणाचे विकार यामागे असू शकतात. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलग्याला एक ‘एक्स’ गुणसूत्र अधिक असते व वृषणे लहान राहतात. काही औषधांमुळेही असे होऊ शकते. त्यामुळे मुलगा घेत असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांना द्यावी. परस्पर औषध बंद करू नये.

व्यायामशाळेत मिळणाऱ्या पावडरी व इंजेक्शनांविषयी विशेष सावधगिरी हवी. पिळदार शरीरासाठी घेतलेल्या स्टेरॉइडचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होऊ शकते. छाती लपवण्यासाठी धडपडणारा मुलगा नेमक्या त्याच कारणाला आमंत्रण देतो. जाहिरातींतील मलमे आणि गोळ्यांपासूनही दूरच राहावे.

उपचार कोणते?

बहुतेकांना धीर देणे आणि दर काही महिन्यांनी तपासणी करणे एवढेच पुरते. वेदना किंवा वाढ अधिक असल्यास तज्ज्ञ काही काळ औषध देऊ शकतात; परंतु ग्रंथी जुनी होऊन तिच्यात तंतुमय ऊती वाढल्यावर औषधांचा फारसा उपयोग होत नाही. मग शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीही शक्यतो शरीराची वाढ पूर्ण झाल्यावरच करतात, कारण घाई केल्यास ग्रंथी पुन्हा वाढण्याची शक्यता असते.

पालकांची भूमिका

शरीराला यातून फारशी इजा होत नाही. जखम होते ती मनाला. पोहायला जाणे टाळणे, उन्हाळ्यातही सैल, जाड कपडे घालणे, पोक काढून चालणे, खेळाच्या तासाला निमित्त काढून बसून राहणे ही त्याची लक्षणे असतात. मित्रांची कुचेष्टा आणि घरातील थट्टा यांनी मुलगा आणखी एकलकोंडा होतो. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने त्याला एकांतात घेऊन, ‘हे अनेकांना होते आणि बहुधा आपोआप जाते’ एवढे जरी सांगितले, तरी त्याच्या मनावरचे ओझे बरेच हलके होते. मुलींना पाळीविषयी आधी माहिती दिली जाते. मुलग्यांनाही या बदलाची कल्पना बाराव्या वर्षाच्या सुमारास द्यायला हवी.