दीपनगरच्या उन्हात होम सर्व्हर: आधी वॉट बघा, मग प्रोसेसर

'स्टोरेज फुल' हा मेसेज आता बहुतेकांच्या ओळखीचा झाला आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद मोफत जागा देणं बंद केलं. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांना मिळून १५ जीबी मोफत मिळते. त्यापुढे एकतर पैसे भरत राहा, नाहीतर काय डिलीट करायचं ते ठरवा. आणि घाईघाईत डिलीट करताना गुड मॉर्निंगच्या ढिगाबरोबर आजोबांचा एकुलता एक व्हिडिओही उडून जाऊ शकतो.

यावर एक उपाय म्हणजे होम सर्व्हर. नाव मोठं असलं तरी गोष्ट साधी आहे. घरात २४ तास चालू राहणारा एक छोटा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो वाय-फायवरून आपोआप त्यात जातात आणि त्यातले पिक्चर, लग्नाचे व्हिडिओ टीव्हीवर बघता येतात. फोटोंसाठी इमिच, व्हिडिओसाठी जेलीफिन, फाइल्ससाठी सांबा ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पैसे लागतात ते हार्डवेअरला, आणि गोंधळही तिथेच होतो.

गोंधळाचं कारण असं, की या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांत बनलेले असतात. तिथे खोलीत २२ अंश तापमान असतं आणि लाईट सहसा जात नाही. आपण उदाहरण घेऊ भुसावळजवळच्या दीपनगरचं, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवेत बारीक धूळ आणि राख, आणि वादळ आलं की लाईट गुल. जे हार्डवेअर इथे टिकेल ते रावेर, चोपडा, शिरपूर, धुळे, कुठेही टिकेल.

आधी काम ठरवा

खरेदीआधी कागदावर दोन आकडे लिहा.

पहिला, आज घरातला एकूण डेटा किती आहे. सगळे फोन, जुना लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळं धरा. चार जणांच्या घरात ५०० ते ७०० जीबी सहज निघतो. त्याला तीनने गुणा, म्हणजे पुढच्या काही वर्षांची सोय झाली. व्हिडिओ जास्त काढत असाल तर अजून वाढवा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा एका मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० एमबी होतो, म्हणजे तासाला १० जीबी. आणि १ टीबीची डिस्क कॉम्प्युटरला जोडली की ९३१ जीबीच दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. दुकानदाराशी भांडू नका.

दुसरा आकडा, एकाच वेळी किती जण व्हिडिओ बघणार. बहुतेक घरांत याचं उत्तर एक किंवा दोन असतं. हे लक्षात ठेवा, कारण इथेच लोक गरजेपेक्षा मोठी मशीन घेतात.

वॉटचं गणित: फुकटचा पीसी महाग का पडतो

दीपनगरच्या मुलांना मेगावॉट हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. आपला हिशोब मात्र साध्या वॉटचा आहे. १,००० वॉट एक तास वापरले की एक युनिट.

घरात पडलेला जुना डेस्कटॉप काही काम न करताही साधारण ६० वॉट घेतो. छोटा मिनी पीसी रिकामा असताना १० वॉटच्या आसपास राहतो. सर्व्हर वर्षभर चालू राहणार, म्हणून:

१० वॉट × २४ तास × ३६५ दिवस = ८७.६ युनिट
६० वॉट × २४ तास × ३६५ दिवस = ५२५.६ युनिट

हिशोबाला सोपं म्हणून युनिटला १० रुपये धरू. मिनी पीसीचे वर्षाला ८७६ रुपये, डेस्कटॉपचे ५,२५६ रुपये. फरक ४,३८० रुपये, आणि तीन वर्षांत १३ हजारांच्या वर. 'फुकट' मिळालेल्या पीसीची ही खरी किंमत.

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटनंतर दर बदलतो. सर्व्हरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना तुमच्या बिलातला सर्वांत वरचा दर लागतो. आपला दर बघायचा असेल तर सरासरी काढू नका, बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर बघा.

प्रोसेसर किती मोठा हवा?

फाइल साठवायला आणि पाठवायला प्रोसेसर फारसा लागतच नाही. खरा भार येतो तो ट्रान्सकोडिंगचा.

ट्रान्सकोडिंग म्हणजे काय? आजचे बरेच फोन एच.२६५ या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ काढतात. हॉलमधल्या जुन्या टीव्हीला तो फॉरमॅट समजत नसेल तर सर्व्हरला तो तिथल्या तिथे बदलून द्यावा लागतो. टीव्हीला समजत असेल तर फाइल जशीच्या तशी जाते. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि त्यात प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो.

फॉरमॅट बदलायचं काम प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर टाकलं तर मशीन तापते. म्हणून इंटेलच्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो, त्याचं नाव क्विक सिंक. १०-बिट एच.२६५ साठी सातव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर बघा. २०२३ पासून मिळणारी इंटेल एन१०० ही छोटी चिप हे काम आरामात करते आणि तिची पॉवर रेटिंग फक्त ६ वॉट आहे. रॅस्पबेरी पाय ५ फाइल्ससाठी चांगला आहे, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअर नाही. तुमचा टीव्ही जुना असेल तर तो टाळा.

रॅम ८ जीबी पुरते. इमिचमध्ये चेहरे ओळखण्याचं काम चालतं, म्हणून ४ जीबीवर ओढाताण होईल.

चार पर्याय

*जुना लॅपटॉप.* स्क्रीन बंद ठेवली तर वीज कमी खातो आणि त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. शिकायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. फक्त बॅटरी तपासा. टचपॅड वर उचललेला वाटला किंवा खालचं कव्हर फुगलेलं दिसलं तर ती बॅटरी काढायलाच हवी. उन्हाळ्यात २४ तास चार्जिंगवर असलेली फुगकी बॅटरी म्हणजे आगीला आमंत्रण.

*ऑफिसातून निघालेला मिनी पीसी.* डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. पुस्तकाएवढा आकार. मॉडेलच्या शेवटी 'टी' असलेला प्रोसेसर घ्या, तो कमी वॉटचा असतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारा किंवा ऑनलाइन बघा, पण मशीन चालू करून, अर्धा तास चालवूनच पैसे द्या.

*नवा एन१०० मिनी पीसी.* सर्वांत कमी वीज, वॉरंटी, नवी चिप. बऱ्याच मॉडेलमध्ये ३.५ इंची डिस्कला जागा नसते, एवढं बघून घ्या.

*दोन डिस्कचा तयार नास बॉक्स.* सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांचा. सेटअप सोपा, पण त्याच पैशात मिळणारा प्रोसेसर लहान असतो. ज्या घरात सर्व्हर सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी पुण्याला असते आणि इथे फक्त आई-बाबा असतात, तिथे हा विचार करण्यासारखा आहे.

वसाहतीतल्या घरांसाठी एक जास्तीचा मुद्दा. बदली होते, रिटायरमेंटनंतर क्वार्टर सोडावं लागतं. पुस्तकाएवढा सर्व्हर बॅगेत बसतो. मोठा कॅबिनेट ट्रकमध्ये हादरे खात जातो, आणि हार्ड डिस्कला हादरे सोसत नाहीत.

हार्ड डिस्क: लेबलवर न दिसणारी गोष्ट

हार्ड डिस्कमध्ये लिहायच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक वेगळा असतो. एसएमआरमध्ये एक ट्रॅक दुसऱ्यावर थोडा चढवलेला असतो, छपरावरच्या कौलांसारखा. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात. म्हणून सतत लिहिताना एसएमआर डिस्क खूप हळू होते.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हा यावर बराच गदारोळ झाला होता. त्यानंतर सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या झाल्या. आता कंपन्या ही माहिती आपल्या साइटवर देतात. मॉडेल नंबर टाका आणि बघा.

एकदा टाकून अनेकदा बघायचे पिक्चर असतील तर एसएमआर चालते. दोन डिस्क रेडमध्ये जोडायच्या असतील तर सीएमआरच घ्या. जुनी डिस्क घेताना तिचा स्मार्ट रिपोर्ट काढा. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' शून्य नसेल तर सरळ परत द्या.

ऊन, धूळ आणि कूलर

हार्ड डिस्कची कमाल मर्यादा बहुतेक वेळा ६० ते ६५ अंशांच्या आसपास लिहिलेली असते. दुपारी बंद खोलीत ४२-४३ अंश असतील आणि हवा न खेळणाऱ्या डब्यात डिस्क त्याहून १०-१२ अंश जास्त तापली, तर ती ५५ वर पोचते.

घाबरायचं का? गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानाचा परिणाम समजुतीपेक्षा कमी निघाला. पण तापमान फारच वाढलं की, विशेषतः तीन-चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये, बिघाड वाढलेला दिसला. खानदेशचा मे महिना त्याच टोकाला असतो.

म्हणून जागा नीट निवडा. माळ्यावर ठेवू नका, तिथे स्लॅबची सगळी उष्णता साठते. बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, पाण्याचे तुषार सर्किटवर जातात. आतल्या भिंतीला, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, मागे हवा खेळेल अशी जागा बरी. पंखा नसलेले मिनी पीसी शांत असतात, पण ४५ अंशांत तापून हळू होतात. इथे पंख्याचंच मॉडेल घ्या आणि महिन्यातून एकदा ब्रश मारा.

लाईट गेली तर?

फाइल लिहिली जात असताना लाईट गेली तर फाइल सिस्टीम बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएस मोड ठेवा. राउटरही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर सर्व्हर चालू आणि वाय-फाय बंद अशी गंमत होते.

इथेही वॉट मदतीला येतात. साधा सिलिंग पंखा साधारण ७५ वॉट घेतो. म्हणजे जुना डेस्कटॉप लावणं हे इन्व्हर्टरवर जवळजवळ अजून एक पंखा लावण्यासारखं आहे. १० वॉटचा मिनी पीसी बॅटरीला जाणवतही नाही.

राउटरचं पोर्ट तपासा

सर्व्हर राउटरला केबलनेच जोडा. पण काही राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. त्यावरून सेकंदाला ११-१२ एमबी जातात, म्हणजे १ टीबी कॉपी करायला जवळपास एक दिवस. गिगाबिट पोर्टवर तेच काम अडीच तासांत होतं. महागडा सर्व्हर घेऊन राउटरपाशी अडकू नका.

पुण्याहून घरचे फोटो बघायचे असतील तर टेलस्केल वापरा. आपल्याकडे बरेच इंटरनेट कनेक्शन सामायिक आयपीवर चालतात, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग अनेकदा चालतच नाही. आणि सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणं धोक्याचंही आहे.

रेड म्हणजे बॅकअप नाही

दोन डिस्कवर एकच डेटा ठेवला की आपण सुरक्षित, असं वाटतं. एक डिस्क मेली तर हे खरं आहे. पण चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून जातं. जूनच्या वादळात वीज पडून व्होल्टेज वाढलं तर दोन्ही डिस्क एकाच वेळी जळू शकतात.

त्यापेक्षा दुसरी डिस्क साध्या यूएसबी डब्यात घ्या. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. न जोडलेल्या डिस्कपर्यंत ना वीज पोचते ना व्हायरस. तिसरी कॉपी, निदान निवडक फोटोंची, दुसऱ्या गावी ठेवा. दिवाळीला येताना मामांकडची डिस्क आणायची आणि नवी कॉपी करून परत द्यायची, एवढंही पुरेसं आहे.

तर पैसे कोणत्या क्रमाने घालायचे?

आधी चांगली डिस्क. मग तिच्या बॅकअपची दुसरी डिस्क. मग विजेची सोय. आणि उरलेल्या पैशांत कमी वॉटचा छोटा कॉम्प्युटर. बजेट कमी असेल तर प्रोसेसर जुना घ्या, जुन्या लॅपटॉपवर भागवा, पण दुसऱ्या डिस्कला कात्री लावू नका. प्रोसेसर कधीही नवा मिळतो. आजोबांचा तो व्हिडिओ दुकानात मिळत नाही.

तुमच्या घरातला डेटा किती निघाला, ते आज मोजून बघा. यादी तिथूनच सुरू होते.