बेघर क्षयरुग्णाची नोंद कोणाकडे?

कांजूरमार्ग स्टेशनाबाहेर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला रात्री अंथरूण टाकणाऱ्या माणसाला क्षयरोग झाला तर औषध मिळते का, असे एका वाचकाने विचारले आहे. मिळते, आणि फुकट मिळते. अडते ते नोंदीपाशी.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. महिना-दीड महिन्यात खोकला कमी होतो, भूक लागते आणि माणूस पुन्हा मजूर नाक्यावर उभा राहतो. काम ठाण्याला मिळाले की मुक्कामही तिकडे. एस विभागातील आरोग्य केंद्रात त्याची नोंद असते, पण मुलुंडचा नाका ओलांडला की महापालिकाच बदलते. गोळ्या मध्येच सुटल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो, औषधेही जड पडतात.

म्हणून केंद्र सरकारने २०१२ साली ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही सुरू केली. त्याच वर्षी क्षयरुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक मिळतो. ठाण्याच्या केंद्रात तो सांगितला की आधीचा उपचार तिथे दिसतो आणि रुग्ण तिकडे वर्ग करता येतो. हा क्रमांक कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा, असे मी अशा रुग्णांना सांगतो. पावसाळ्यात उघड्यावर कागद टिकत नाही.

आता निवाऱ्यांचे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा, असे बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तेच प्रमाण आले. या हिशेबाने मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. २०११ च्या जनगणनेत इथे ५७ हजारांवर बेघर मोजले गेले होते. निवाऱ्यातील माणसाला ओळखपत्र, रेशन आणि दवाखान्याशी जोडून देणे हेही त्या अभियानात निवाऱ्याचेच काम ठरले. पण निवाऱ्याची वही वेगळी, क्षयाची वेगळी, रेशनची तिसरीच. क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात. खाते नसेल तर पैसे अडतात. ते उघडून देणे निवाऱ्याला जमण्यासारखे आहे, मात्र त्यासाठी कोणीतरी तिथे कळवायला हवे.

मग सगळ्या वह्या एकच का करू नयेत? अमेरिकेत केंद्राचे पैसे घेणाऱ्या बेघरांच्या संस्थांना सामायिक संगणकीय नोंदीत माहिती भरावीच लागते. त्या नोंदींची मानके २००४ साली ठरली. मात्र घरच्या मारहाणीतून पळालेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांना नावानिशी माहिती तिथे घालण्यास कायद्यानेच मनाई आहे. मारणाऱ्याला पत्ता लागू नये हे कारण. मूळ नियमापेक्षा हा अपवादच आपण आधी उचलावा, असे माझे मत आहे.

क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणीही करतात. निवाऱ्याच्या काळजीवाहकाला गोळीची वेळ ठाऊक हवी. या दुसऱ्या तपासणीचे उत्तर त्याला कळण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानेही अशी माहिती सर्वसाधारणपणे रुग्णाच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. संमती म्हणजे त्याच्या भाषेत समजावून विचारणे. रांगेत उभे करून घेतलेला अंगठा मी संमती मानत नाही.

आपल्या दुकानापुढे झोपणाऱ्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याला महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा. जुन्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यायला सांगा. क्रमांक हरवला असला तरी नाव आणि मोबाइलवरून नोंद शोधता येते. निक्षयचा मोफत दूरध्वनी १८००-११-६६६६ आहे. आणि त्याच्या आजाराची चर्चा गल्लीत नको, नाहीतर तो रात्रीतून जागा बदलतो आणि गोळ्या तिथेच थांबतात.